दोन ग्रँड स्लॅमच्या मधलं टेनिस: काय बघायचं, कधी बघायचं, कसं बघायचं

11 फेब्रुवारी 2024 रोजी चेन्नईतल्या चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खालच्या, स्पर्धेची अंतिम फेरी झाली. सुमित नागलने लुका नार्डी या इटालियन खेळाडूला 6-1, 6-4 असं हरवलं आणि त्या जोरावर तो जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आला. आपल्याकडे बातमी झाली ती अर्थातच नागलची. बरोबर एका महिन्याने अमेरिकेत, इंडियन वेल्सला, पात्रता फेरीत हरलेला आणि कुणीतरी माघार घेतल्यामुळे ऐनवेळी मुख्य ड्रॉमध्ये (कोण कुणाशी खेळणार त्या तक्त्यात) शिरलेला एक खेळाडू नोव्हाक जोकोविचला तीन सेटमध्ये हरवून गेला. तो नार्डीच होता. जगाला त्या रात्री तो नवा होता, चेन्नईचा सामना पाहिलेल्यांना नव्हता.

टेनिसचा हंगाम जानेवारीच्या पहिल्या दिवसांपासून नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्यात चार ग्रँड स्लॅमचे (ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन, अमेरिकन ओपन) मिळून जेमतेम आठ-नऊ आठवडे. बाकीच्या आठवड्यांत दर सोमवारी कुठे ना कुठे नवी स्पर्धा सुरू होते. ग्रँड स्लॅममध्ये जे दिसतं ते याच आठवड्यांत घडत असतं, असं माझं ठाम मत आहे. अडचण एकच: एकाच आठवड्यात तीन-चार शहरांत खेळ सुरू असतो आणि कुठून सुरुवात करावी ते नव्या माणसाला उमजत नाही. म्हणून ही पद्धत क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कॅलेंडर हंगामांत तोडून घ्या

स्पर्धांची यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नका. वर्षाचे पाच-सहा तुकडे करा, मग नावं आपोआप जागेवर बसतात.

ऑस्ट्रेलियन ओपन संपली की फेब्रुवारीत खेळाडू पांगतात. काही पुरुष खेळाडू दक्षिण अमेरिकेत लाल मातीवर जातात (ब्यूनस आयर्स, रिओ), काही रॉटरडॅमला छपराखालच्या हार्ड कोर्टवर, तर काही आखातात. महिलांसाठी मात्र दोहा आणि दुबई या दोन्ही 1000 दर्जाच्या मोठ्या स्पर्धा याच महिन्यात येतात. मार्चमध्ये सगळे पुन्हा एकत्र: आधी कॅलिफोर्नियात इंडियन वेल्स, मग मायामी. एप्रिल-मे युरोपातल्या लाल मातीचा. पुरुषांची माँटे कार्लो आणि बार्सिलोना, महिलांची श्टुटगार्ट, मग दोघांच्याही माद्रिद आणि रोम. जूनमध्ये ग्रास कोर्टचे मोजके आठवडे: क्वीन्स, हाले, बर्लिन, बाद होम्बुर्ग, ईस्टबोर्न. विम्बल्डननंतर जुलैत थोडी लाल माती (गश्टाड, किट्झब्यूएल), मग वॉशिंग्टन, कॅनडा, सिनसिनाटी. आणि अमेरिकन ओपननंतर, जेव्हा बहुतेक लोक टेनिस बघणं सोडून देतात, तेव्हा टोकियो, बीजिंग, शांघाय, वुहान, व्हिएन्ना, बासेल, पॅरिस. शेवटी वर्षातले अव्वल आठ जण पुरुषांच्या अंतिम स्पर्धेसाठी तुरीनला आणि महिलांच्या अंतिम स्पर्धेसाठी रियाधला.

दर्जा ओळखायला सोपं आहे. 1000, 500, 250 हे आकडे म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. ग्रँड स्लॅमला 2000. त्याखाली पुरुषांची चॅलेंजर मालिका आणि महिलांच्या 125 दर्जाच्या स्पर्धा, आणि तळाला आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) छोट्या स्पर्धा. वेळ मोजकाच असेल तर मी 500 दर्जाच्या स्पर्धा निवडायला सांगेन. बत्तीस जणांचा ड्रॉ, त्यातले बरेच जण पहिल्या पन्नासातले, आणि सगळं एका आठवड्यात उरकतं. 1000 दर्जाच्या बहुतेक स्पर्धा आता बारा दिवस चालतात आणि मानांकित बत्तीस खेळाडूंना पहिल्या फेरीत बाय असतो, म्हणजे ते थेट दुसऱ्या फेरीत खेळतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मोठी नावं फक्त सराव कोर्टवर दिसतात.

दुसरी पायरी: घड्याळ जुळवून घ्या

भारतात राहून टेनिस बघणाऱ्याचा अर्धा खेळ घड्याळाशी असतो. हे गणित एकदा लिहून फ्रिजवर लावलं की वर्षभर पुरतं.

युरोपचा उन्हाळा आपल्याला सगळ्यात सोयीचा. माद्रिद, रोम, हाले इथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात. रोमला सकाळी अकराला पहिला सामना सुरू झाला म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. लंडन साडेचार तास मागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून पॅरिसच्या मास्टर्ससाठी (पुरुषांच्या 1000 दर्जाच्या स्पर्धांना मास्टर्स म्हणतात) फरक साडेचार तासांचा होतो. दरवर्षी इथेच पहिला सेट चुकतो, तेव्हा तो रविवार लक्षात ठेवा.

शांघाय आणि बीजिंग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. दुपारी साडेबाराचा सामना आपल्याकडे सकाळी दहाला, आणि संध्याकाळी साडेसहाचा दुपारी चारला. मायामी, सिनसिनाटी, टोरांटो साडेनऊ तास मागे: तिथल्या सकाळी अकराला आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे दिवसाचं सत्र जेवण उरकून बघता येतं, पण तिथलं रात्रीचं सत्र आपल्या पहाटे. इंडियन वेल्स सगळ्यात अवघड. अमेरिकेतलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतं, तोवर फरक साडेतेरा तासांचा आणि नंतर साडेबारा तासांचा. या स्पर्धेचं दिवसाचं सत्र आपल्या मध्यरात्री येतं, ते जागून बघायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. झोपण्याआधी स्कोअरच्या ॲपच्या सूचना बंद करा, कुटुंबाच्या आणि मित्रांच्या ग्रुपमध्ये ताकीद द्या आणि सकाळी पूर्ण सामना रिप्लेवर बघा. निकाल माहीत नसताना पाहिलेला रिप्ले थेट सामन्याइतकाच रंगतो.

दुबई किंवा अबुधाबीत राहणाऱ्या मराठी मंडळींचं तर बरंच जमून येतं. फेब्रुवारीतली दुबईची स्पर्धा त्यांच्या शहरातच होते, आणि युरोपातले सामने ऑफिस सुटायच्या सुमारास रंगात येतात.

तिसरी पायरी: ड्रॉ वाचायला शिका

स्पर्धा सोमवारी सुरू होणार असेल तर ड्रॉ सहसा आदल्या शुक्रवारी किंवा शनिवारी निघतो. एटीपी (पुरुषांची टूर) आणि डब्ल्यूटीए (महिलांची टूर) यांच्या संकेतस्थळांवर तो मिळतो. पंधरा मिनिटं काढून तो नीट वाचा. आठवडाभर काय बघायचं ते इथेच ठरतं.

नावाआधीची किंवा नंतरची अक्षरं आधी बघा. क्यू म्हणजे पात्रता फेरी जिंकून आलेला. डब्ल्यूसी म्हणजे वाइल्ड कार्ड, आयोजकांनी दिलेला प्रवेश. एलएल म्हणजे लकी लूजर: पात्रता फेरीत हरला, पण कुणीतरी माघार घेतल्याने आत आला. पीआर म्हणजे संरक्षित क्रमवारी. दुखापतीमुळे किमान सहा महिने बाहेर राहिलेल्या खेळाडूला परतल्यावर काही स्पर्धांत जुन्या क्रमवारीवर प्रवेश घेता येतो. ही अक्षरं म्हणजे त्या खेळाडूची गेल्या काही महिन्यांची हकिगत आहे.

मग अग्रमानांकितांच्या पहिल्या सामन्यासमोर कोण आहे ते बघा. तिथे क्यू दिसलं तर तो सामना माझ्या यादीत वर जातो. पात्रता फेरीतून आलेला खेळाडू त्याच कोर्टवर, त्याच चेंडूंनी दोन सामने जिंकून आलेला असतो. समोरचा मोठा खेळाडू कदाचित दोन दिवसांपूर्वी विमानातून उतरलेला असतो. मोठ्या मानांकितांना घरी पाठवणारे अनेक धक्के याच जागी बसतात.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी, म्हणजे तिथल्या संध्याकाळी, जाहीर होतं. त्यात ठरावीक वेळ फक्त पहिल्या सामन्याला असते. बाकीचे सामने आधीचा संपला की सुरू होतात. एखाद्या सामन्यापुढे 'नॉट बिफोर' लिहून वेळ दिली असेल, तर त्या वेळेआधी तो सुरू होणार नाही एवढीच हमी. म्हणून सेंटर कोर्टवरचा तिसरा सामना बघायचा असेल तर घड्याळ बाजूला ठेवून दुसऱ्या सामन्याचा स्कोअर बघा.

चौथी पायरी: गुणांचा हिशेब

क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांच्या गुणांवर चालते आणि साधारणपणे दर सोमवारी नवी होते. ग्रँड स्लॅमसारख्या दोन आठवड्यांच्या स्पर्धा सुरू असताना ती संपेपर्यंत थांबते. एखाद्या स्पर्धेत मिळालेले गुण वर्षभर जमा राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला गळून पडतात. म्हणजे खेळाडू कोर्टवर समोरच्याशी लढतो आणि कागदावर मागच्या वर्षीच्या स्वतःशी.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये मोनाकोचा व्हॅलेंटाँ वाशरो शांघायला क्रमवारीत 204 वा होता. पात्रता फेरीतून आला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला, हरवून विजेता झाला. मास्टर्स 1000 जिंकणारा तो क्रमवारीत सगळ्यात खालचा खेळाडू ठरला. त्या एका स्पर्धेने तो 204 वरून 40 वर गेला. आता त्याला मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळाला. पण त्या गुणांचं आयुष्य पुढच्या शांघायपर्यंतच. त्या बारा महिन्यांत तो इतरत्र किती गुण साठवतो यावर तो तिथे टिकतो की घसरतो हे ठरतं. असा एक खेळाडू धरून वर्षभर त्याचा हिशेब ठेवा, छोट्या स्पर्धेतली दुसरी फेरीसुद्धा महत्त्वाची वाटायला लागेल.

खालच्या थरात हा हिशेब फार कडक असतो. पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 10 गुण मिळतात, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला 50 आणि तिसऱ्या फेरीत हरणाऱ्याला 100. चॅलेंजर 100 दर्जाची स्पर्धा जिंकणाऱ्यालाही 100. ग्रँड स्लॅमच्या 128 जणांच्या एकेरी ड्रॉमध्ये 104 जण क्रमवारीवर थेट येतात, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डवर. थेट प्रवेशासाठी साधारण सहा आठवडे आधीची क्रमवारी धरतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये कुठल्याशा छोट्या गावातल्या चॅलेंजरचा उपांत्य सामना म्हणजे कुणाच्या तरी ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिकिटाचा सामना असतो. शंभराच्या आसपासचे खेळाडू त्या आठवड्यांत ज्या जिद्दीने खेळतात ती ग्रँड स्लॅमच्या पहिल्या फेरीतही क्वचित दिसते.

'रेस' नावाची दुसरी यादी दिसेल, तिच्याशी गल्लत करू नका. तिथे जानेवारीपासूनचेच गुण धरतात आणि त्यावर तुरीन-रियाधचे आठ जण ठरतात. सप्टेंबरनंतर ही यादी बघायला घ्या, त्याआधी तिला फारसा अर्थ नाही.

पाचवी पायरी: कोर्ट बघा, मग निकाल

हार्ड कोर्ट, लाल माती आणि ग्रास एवढी विभागणी पुरेशी नाही. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू सुसाट जातो आणि जोरदार सर्व्हिस करणाऱ्यांना लाल मातीवरही बळ मिळतं. रोमला हवा जड, चेंडू संथ, रॅली लांब. माद्रिदला जिंकलेला खेळाडू रोमला दुसऱ्या फेरीत धापा टाकताना दिसला तर तो एकाएकी वाईट खेळायला लागला असं समजू नका. आणि रोलां गॅरोसचा, म्हणजे पॅरिसच्या फ्रेंच ओपनचा, अंदाज बांधायचा असेल तर माझ्या मते माद्रिदपेक्षा रोमचा निकाल जास्त भरवशाचा. 2025 मध्ये रोमच्या अंतिम फेरीत स्पेनच्या कार्लोस अल्काराझने इटलीच्या यानिक सिनरला हरवलं, आणि तीन आठवड्यांनी पॅरिसला तेच दोघं अंतिम फेरीत समोरासमोर आले. अल्काराझने तीन मॅच पॉइंट वाचवून पाच सेटमध्ये तो सामना काढला.

निकालावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. त्याच वर्षी जूनमध्ये हालेला सिनर अलेक्झांडर बुब्लिककडून दुसऱ्या फेरीत हरला, अल्काराझ क्वीन्स जिंकला आणि विम्बल्डन जिंकलं सिनरने. महिलांचं उदाहरण तर अभ्यासण्यासारखं आहे. इगा श्वियातेक तोवर टूरवरच्या ग्रासच्या स्पर्धेत एकदाही अंतिम फेरीत पोहोचली नव्हती. 2025 मध्ये बाद होम्बुर्गला ती पहिल्यांदा पोहोचली आणि जेसिका पेगुलाकडून हरली. अमांडा अनिसिमोवा त्याच महिन्यात क्वीन्सच्या अंतिम फेरीत 37 वर्षांच्या तात्याना मारियाकडून हरली. दोघींच्या नावापुढे उपविजेतेपद लागलं. विम्बल्डनच्या अंतिम फेरीत त्याच दोघी होत्या, आणि श्वियातेक 6-0, 6-0 अशी जिंकली. जूनमध्ये चषक कुणी उचलला एवढंच पाहणाऱ्याच्या हातून हा धागा सुटला असता.

म्हणून सामना बघताना स्कोअरच्या पलीकडच्या दोन-तीन गोष्टी टिपा. सर्व्हिस परतवताना खेळाडू बेसलाइनच्या किती मागे उभा आहे? दुसऱ्या सर्व्हिसवर किती गुण जिंकतोय? 4-4 ला, 30-30 ला तो सर्व्हिस कुठे टाकतो? हे तीन आठवडे पाहिलंत तर चौथ्या आठवड्यात समालोचकाआधी तुम्हाला कळेल की काहीतरी बदललंय.

आणखी एक. ग्रँड स्लॅमच्या अगदी आदल्या आठवड्यातल्या 250 दर्जाच्या स्पर्धेत बडा खेळाडू लवकर हरला तर त्यातून फार अर्थ काढू नका. कुणी दुखापतीनंतर सामन्याचा सराव हवा म्हणून आलेला असतो, कुणाला आयोजकांनी हजेरीचे पैसे दिलेले असतात. 250 आणि 500 दर्जाच्या स्पर्धांत तसं करायची मुभा आहे.

दुहेरी सोडू नका

आपल्या खेळाडूंचं टेनिस बघायचं तर दुहेरीला पर्याय नाही. टूरवरच्या दुहेरीचे नियम वेगळे आहेत. 40-40 झालं की ॲडव्हांटेज नाही, एकाच गुणावर गेम संपतो, आणि दोघांपैकी कुणी सर्व्हिस परतवायची ते परतवणारी जोडी ठरवते. सेट 1-1 झाले की तिसरा सेट न खेळता दहा गुणांचा टायब्रेक होतो, म्हणून स्कोअरमध्ये शेवटी 10-7 किंवा 14-12 असे आकडे दिसतात. सामना सहसा दीड तासात आटोपतो, कामाच्या दिवशी हे बरं पडतं.

रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर 2023 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, इंडियन वेल्स जिंकली आणि मास्टर्स 1000 जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. 2024 ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि दुहेरीतलं अव्वल स्थान त्यानंतर आलं. पुण्याच्या अर्जुन काढेने ऋत्विक बोल्लिपल्लीच्या साथीने ऑक्टोबर 2024 मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटीत पहिलं एटीपी विजेतेपद मिळवलं, निर्णायक टायब्रेक 14-12. मराठी माणसाने टूरवरची स्पर्धा जिंकली आणि आपल्याकडच्या कितीतरी टेनिसप्रेमींना त्याचा पत्ता नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. स्कोअरच्या ॲपमध्ये काढे, युकी भांबरी, एन. श्रीराम बालाजी ही नावं आवडत्यांच्या यादीत टाका, सामना सुरू झाला की सूचना येते.

कुठे बघायचं

भारतातले प्रक्षेपणाचे हक्क सारखे हात बदलतात, म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा: पुरुषांचे सामने आहेत, महिलांचे की दोन्ही, भारतातून दिसतात का, आणि पूर्ण सामन्याचा रिप्ले किती दिवस राहतो. टेनिस टीव्हीवर फक्त एटीपीचे, म्हणजे पुरुषांचे सामने असतात, ग्रँड स्लॅम तिथे नाहीत. हे न कळल्यामुळे पैसे भरून पस्तावणारे बरेच. चॅलेंजर स्पर्धांचं थेट प्रक्षेपण एटीपीच्या चॅलेंजर टीव्हीवर फुकट दिसतं. बाहेरच्या कोर्टवर एकच कॅमेरा, पण खेळ समजायला तेवढा पुरतो.

आपल्या दारातल्या स्पर्धा

2018 ते 2023 या काळात (2021 चा अपवाद सोडून) पुण्यात बालेवाडीला एटीपी 250 दर्जाची महाराष्ट्र ओपन होत असे. 2019 ची अंतिम फेरी केव्हिन अँडरसन आणि इवो कार्लोविच या दोन ताडमाड खेळाडूंमध्ये झाली आणि तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. ती स्पर्धा गेली हे नुकसान खरंच आहे. पण त्यानंतर तिथे फेब्रुवारीत चॅलेंजर होऊ लागली, आणि 2024 मध्ये ती कुणी जिंकली? शांघायचा पुढचा विजेता, वाशरोने. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर महिलांची 125 दर्जाची मुंबई ओपन होते. 2017 मध्ये तिथे एकोणीस वर्षांची आर्यना सबालेंका जिंकून गेली. 2025 मध्ये तिथेच पंधरा वर्षांच्या माया राजेश्वरनने उपांत्य फेरी गाठली. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा होते, सोलापूरलाही झाली आहे.

जायचं असेल तर अंतिम फेरीची वाट बघू नका. मंगळवार-बुधवारी जा. चार-पाच कोर्टांवर एकाच वेळी सामने चालू असतात, गर्दी नसते, आणि अशा स्पर्धांना प्रवेश बऱ्याचदा मोफत असतो. पहिला सेट बाजूने न बघता बेसलाइनच्या मागे बसून बघा. टीव्हीवर जी सर्व्हिस सरळ वाटते ती प्रत्यक्षात किती वळते, चेंडू टप्पा पडल्यावर खांद्यापर्यंत कसा उसळतो, हे तिथूनच कळतं. मग प्रशिक्षकाच्या बाजूच्या खुर्च्यांकडे सरका. 2025 पासून कोर्टबाहेरून सल्ला द्यायला नियमानेच परवानगी आहे, त्यामुळे दोन गुणांच्या मधे 'मागे सरक', 'बॅकहँडवर टाक' असं काय काय ऐकू येतं.

टोपी, पाणी आणि ड्रॉची एक प्रत सोबत ठेवा. जागा फक्त खेळाडू बाजू बदलताना सोडा, रॅली चालू असताना फोन खिशात राहू द्या. सामने संपल्यावर सराव कोर्टकडे चक्कर मारा, दुसऱ्या दिवशी खेळणारे खेळाडू तिथेच सर्व्हिस घोटत असतात. आणि ड्रॉच्या प्रतीवर आवडलेल्या दोन-तीन नावांपुढे खूण करून ठेवा. मार्चमध्ये इंडियन वेल्स आणि मायामीच्या पात्रता फेरीचे ड्रॉ लागतील तेव्हा आधी तीच नावं शोधा.